चोरखिशातली गाठ

कुंभारीचे श्रीमंत नावाचे गृहस्थ शेळ्या-बोकडांचे व्यापारी. सांगोल्यापासून अक्कलकोटपर्यंत एकही बाजार त्यांनी सोडला नव्हता, आणि सगळ्या बाजारांत त्यांची ख्याती एकच होती: या माणसाच्या मनातलं कुणाला कळत नाही. शेळ्यांचा सौदा काही तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याच्याआड बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत नाही. रुमालाखाली श्रीमंतांची बोटं काहीही बोलत असोत, चेहरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा शांत. त्यामुळे लपवण्याच्या कामात आपला हात धरणारा उभ्या सोलापूर जिल्ह्यात नाही, असं ते स्वतःच सांगत. हा तोरा उतरवायला एक एवढंसं पिस्तूल पुरलं.

पिस्तुलाची गोष्ट अशी, की मागे एकदा बाजाराहून परतताना मोटरसायकलवर आलेल्या दोघांनी श्रीमंतांना अडवलं आणि हातातली पिशवी हिसकावून पोबारा केला. पैसे होते बंडीच्या चोरखिशात. पिशवीत त्यांच्या बायकोनं, केराबाईंनी, बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तेवढी होती. दुसरा कुणी असता तर देवाला नारळ फोडून मोकळा झाला असता. श्रीमंतांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. दिवसभर ओरडून घसा सुकलेल्या माणसाची भाकरी नेतात म्हणजे काय! त्यांनी दुसऱ्याच दिवशी पिस्तुलाच्या परवान्यासाठी खटपट सुरू केली. चपला झिजल्या, साहेब बदलले, नव्या साहेबांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि अखेर परवाना हाती पडला.

पडला तोही नेमका नको त्या मुहूर्तावर. त्याच सुमाराला त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, सुकन्याची, सोयरीक जमत आली होती. सुकन्या बालवाडीत शिकवायची. मुलगा सिद्धनाथ, एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, वडीलधाऱ्यांनी फक्त आपणच जमवलं असं दाखवायचं बाकी होतं. मुलाचे वडील तिप्पण्णा हे अक्कलकोटच्या पलीकडचे, श्रीमंतांच्याच धंद्यातले. शेळीच्या कमरेवर नुसता हात ठेवून तिचं वजन आणि दुखणं सांगणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. सगळं जुळत होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे मुलाच्या आई चिमाबाई.

चिमाबाई माणूस लोण्यासारखी मऊ, पण बंदुकीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या थोरल्या भावानं आनंदाच्या भरात हवेत बार काढला होता. तो बार हवेत न जाता आचाऱ्याच्या पाण्याच्या टाकीत गेला, पंगत पाण्यात बसली आणि बहिणीची पाठवणी व्हायच्या वेळी भाऊ पोलीस ठाण्यात होता. तेव्हापासून बाईंचा नियम होता, की ज्या घरात बंदूक त्या घराशी सोयरीक नाही. बोलणीच्या वेळी त्यांनी ते स्पष्ट विचारलं होतं आणि श्रीमंतांनी कीर्तनाचा चेहरा करून नाही म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी ते खरंही होतं. परवाना पुढच्या आठवड्यात आला.

"ऱ्हाऊ द्या की आता ते पिस्तूल," केराबाई म्हणाल्या. "पोरीचा जीव त्या पोरात अडकलाय. हे मोडलं तर तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघणार हाय तुमी?"

"मोडतंय कशाला? दिसलं तर मोडंल. दिसणारच न्हाय असं आणतो."

आणि दिसणारच नाही असं पिस्तूल शोधायला श्रीमंत शस्त्रांच्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी मोठ्या हौसेनं रिव्हॉल्व्हर काढून दाखवलं. श्रीमंतांनी ते कमरेला खोचून नेहरू शर्ट खाली सोडला आणि आरशात पाहिलं. गोळ्यांचं गोल चक्र शर्टातून असं वर आलं होतं, की पोटाला दुसरं पोट फुटल्याचा भास व्हावा. दुसरं जरा लांब होतं, ते बसताना मांडीत टोचलं. तिसरं इतकं जड, की त्याच्या वजनानं पायजमाच खाली निघाला आणि नाडी धरून श्रीमंतांना कोपऱ्यात पळावं लागलं. श्रीमंत प्रत्येक पिस्तूल कमरेला लावून उकिडवे बसत, शेळीचे दात बघितल्यासारखं वाकत, काल्पनिक बोकड उचलून टेम्पोत टाकत. बाकीची गिऱ्हाइकं खरेदी सोडून हेच बघत बसली. शेवटी दुकानदारानं हात जोडले आणि कपाटाच्या तळातून एक छोटं, काळं, चपटं पिस्तूल काढलं. तळहातात मावणारं. श्रीमंतांनी ते बंडीच्या चोरखिशात सरकवलं, शर्ट चढवला, आरशात चारी बाजूंनी पाहिलं. काहीसुद्धा दिसेना. एवढं चपटं शस्त्र निवडल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत ते घरी आले.

घरी केराबाईंनी पाहिलं, की पिस्तुलाच्या कडा बरगडीला काचतात. पिस्तूल आवडत नसलं तरी नवरा तो नवराच होता. त्यांनी जुना सोलापुरी टॉवेल फाडला, त्याच्या पदरांत पिस्तूल गुंडाळलं आणि चोरखिसा मोठा करून आत बसवलं. काचणं थांबलं. चपट्या पिस्तुलाचा वरून मऊ, आतून टणक असा चांगला कवठाएवढा गोळा झाला, पण तो डाव्या काखेखाली, सैल शर्टात, दिसत नव्हता. आणि दिसत नव्हता एवढंच श्रीमंतांना हवं होतं.

साखरपुडा कुंभारीलाच ठरला. घर पाहुण्यांनी भरलेलं, कपाटाच्या किल्ल्या बायकांच्या हातोहात फिरत होत्या. अशा घरात पिस्तूल ठेवायचं कुठं? श्रीमंतांनी गोळ्या काढून पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद केल्या आणि रिकामं पिस्तूल अंगावरच ठेवलं. सगळं नीट पार पडलं. साखर झाली, अंगठ्या झाल्या, सुकन्या अशी हसत होती की श्रीमंतांना भरून आलं. आणि मग भटजी म्हणाले, व्याहीभेट घ्या.

व्याहीभेट म्हणजे आपल्याकडे नुसतं हात मिळवणं नव्हे. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारायची आणि ताकद असेल त्यानं दुसऱ्याला उचलायचं. श्रीमंतांच्या हे ध्यानातच नव्हतं. तिप्पण्णांनी त्यांना कवेत घेतलं, एका झटक्यात वर उचललं, मांडवात टाळ्या पडल्या, आणि तिप्पण्णांचा उजवा हात श्रीमंतांच्या डाव्या काखेखाली जाऊन थांबला.

आयुष्यभर शेळ्या चाचपलेला तो हात. त्यानं आपल्या सवयीनं जरा दाबलं, जरा चाळवलं, वजन घेतलं. तिप्पण्णांचं हसू मावळलं. गाभण मेंढी ठेवावी तसं त्यांनी श्रीमंतांना हळूच खाली ठेवलं आणि दंडाला धरून गोठ्यामागं नेलं. आता सोयरीक मोडली, असं श्रीमंतांनी मनाशी धरूनच टाकलं.

"पावणं," तिप्पण्णा कानाशी लागून म्हणाले, "एवढी मोठी गाठ अंगात घिऊन तुमी हसत उभं हाय? पाऊण किलोची तरी आसंल. माझा हात चुकत न्हाय."

श्रीमंतांना उलगडायला क्षणभर लागला. म्हणजे व्याह्यांना पिस्तूल कळलंच नव्हतं, आजार कळला होता! एका बाजूला पिस्तूल, दुसऱ्या बाजूला गाठ. पिस्तूल सांगावं तर पोरीचं लग्न मोडतं. श्रीमंतांनी बाजारातला चेहरा धारण केला आणि गाठ पत्करली.

"कुणाला बोलू नका," ते म्हणाले.

"आईची आण," तिप्पण्णा म्हणाले, आणि गाडीत बसताच त्यांनी बायकोला सांगितलं.

पुढचा आठवडा श्रीमंतांनी आजारी माणूस म्हणून काढला. बातमी अक्कलकोटहून कुंभारीला उलटी आली ती वाढून आली. आधी एक गाठ होती, वाटेत तिच्या तीन झाल्या. शेजारीपाजारी बिस्किटांचे पुडे आणि केळी घेऊन भेटायला येऊ लागले. श्रीमंतांना शेळीबाजारात कुणी बोकड उचलू देईना. ज्यांच्याशी रुमालाखाली वर्षानुवर्षं घासाघीस केली ते व्यापारी मुकाट त्यांचा भाव कबूल करू लागले, आणि त्यात तर श्रीमंतांना काडीचीही मजा वाटेना. मटण बंद झालं. चिमाबाईंनी तर कहर केला. दिवसाला सात-आठ कप चहा पिणारी ती बाई, गाठ विरेपर्यंत चहा तोंडाला लावणार नाही असं सिद्धेश्वराला बोलून बसली. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं फुटायला लागलं होतं, तरी बोललेलं त्यांनी मोडलं नाही. हे ऐकून श्रीमंतांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

तरीही ते गप्प राहिले असते. पण शनिवारी तिप्पण्णा आणि चिमाबाई घरी आले, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत लग्न होऊन जावं म्हणून जवळचा मुहूर्त धरायला. केराबाई एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पाहुण्यांना वाटलं रडतायत, खरं तर त्या हसू दाबत होत्या. तेवढ्यात सुकन्या आतून आली. डोळे सुजलेले. ती कुणाकडं न बघता म्हणाली, "मला लगीन करायचं न्हाय. आबांना ह्या अवस्थेत टाकून मी कुटंबी जाणार न्हाय. सिद्धनाथला मी सकाळीच तसं कळवलंय."

केराबाईंचं हसू थांबलं. जी सोयरीक टिकावी म्हणून हा सगळा खटाटोप केला, ती आता त्या खटाटोपापायीच मोडत होती. श्रीमंतांनी पोरीकडं पाहिलं. रुमालाखालचं सगळं कसब त्या एका नजरेत गळून गेलं. त्यांनी शर्टाची बटणं काढली, चोरखिशात हात घातला आणि टॉवेलचा गोळा जमिनीवर ठेवून एकेक पदर उलगडला.

काळं, चपटं पिस्तूल चिमाबाईंच्या पायाशी पडलं होतं.

"हीच ती गाठ," श्रीमंत मान खाली घालून म्हणाले. "रिकामं हाय. परवाना हाय. बोलणीच्या वक्ताला नव्हतं, मागनं आलं. तुमास्नी भिऊन लपवलं. चूक माझी हाय, पोरीची न्हाय."

चिमाबाईंनी पिस्तुलाकडं पाहिलं, मग श्रीमंतांकडं. "म्हंजे गाठ न्हाय?"

"न्हाय."

"नक्की न्हाय?" त्या उठल्या, पुढं आल्या आणि सगळा मानपान बाजूला ठेवून त्यांनी श्रीमंतांच्या बरगडीत दोन बोटं खुपसली. श्रीमंत कळवळले. बाईंनी डोळे मिटले, सिद्धेश्वराच्या दिशेनं हात जोडले आणि वळून म्हणाल्या, "केराबाई, चहा टाका. भांडंभर टाका."

त्या दिवशी चिमाबाई लागोपाठ तीन कप प्यायल्या आणि चौथ्या कपाला पिस्तुलाचा निकाल लागला. माणूस मरण्यापेक्षा माणसाकडे पिस्तूल असलेलं बरं, पण लग्नाच्या मांडवात ते दिसता कामा नये. सुकन्यानं रडत-हसत सिद्धनाथला फोन लावला. एकटे तिप्पण्णा तेवढे खट्टू होऊन बसले होते. हात चुकला, हे त्यांना सहन होईना. शेवटी ते उठले, केराबाईंच्या स्वयंपाकघरातला तराजू घेऊन आले आणि टॉवेलासकट पिस्तूल त्यात ठेवलं. बरोबर पाऊण किलो भरलं. मग त्यांनीही चहा घेतला.

मांडवात पिस्तूल दिसू नये याची काळजी पुढं कुणालाच करावी लागली नाही. निवडणुका लागल्या, आचारसंहिता आली आणि हवालदार घरी येऊन सांगून गेला की शस्त्र ठाण्यात जमा करा. एवढ्या पारखीनं घेतलेलं, कुणालाही न दिसणारं ते पिस्तूल आता ठाण्याच्या कपाटात खरोखरच कुणाला दिसत नव्हतं. श्रीमंतांना रिकामा चोरखिसा चुकल्याचुकल्यासारखा वाटू लागला, तेव्हा केराबाईंनी त्यात त्याच टॉवेलात गुंडाळून कडक भाकरी ठेवायला सुरुवात केली. नाहीतरी चोरांनी आजवर नेलं होतं ते तेवढंच.

लग्नाच्या दिवशी कन्यादान होईस्तोवर श्रीमंतांचा उपास होता. मुहूर्त लांबला, पोटात कावळे ओरडत होते. अशात व्याहीभेट आली. तिप्पण्णांनी त्यांना कवेत घेऊन उचललं आणि त्यांच्या हाताखाली कट्ट असा आवाज झाला. तिप्पण्णा पांढरे पडले.

"बरगडी?" त्यांनी कानात विचारलं.

"भाकरी," श्रीमंत पुटपुटले. "उपास हाय. केराबाईला सांगू नका."

तिप्पण्णांनी त्यांना खाली ठेवलं, मांडवावर एक नजर टाकली आणि दंडाला धरून पुन्हा गोठ्यामागं नेलं.

"अर्धी काढा," ते म्हणाले. "मलाबी सकाळपास्नं कुणी इचारलं न्हाय."