हत्ती नदी ओलांडत नाही

"चकार शब्द काढणार नाही! त्यात काय अवघड? जन्मभर तेच तर करत आलोय!"

फोनवर एवढं ठणकावून बोलल्यावर अण्णांना स्वतःचाच धाक वाटला. ते निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर लोकांच्या चुका शोधल्या, पण त्या दाखवताना दर वेळी आधी स्वतःच माफी मागितली. निवृत्तीनंतर त्यांनी युद्धाचा एक बैठा खेळ रचला होता. पुठ्ठ्याचा पट, मधोमध निळी नदी, घोड्यांच्या जागी बटणं आणि हत्तींच्या जागी खोडरबर. खेळण्यांच्या कारखान्याचा मालक तो बघायला येणार होता, पण एका अटीवर. "नियमांचा कागद खेळणाऱ्यांच्या हाती द्या आणि गप्प बसा. त्यांना काहीही सांगायचं नाही. दुकानातून डबा नेणाऱ्याच्या घरी तुम्ही थोडेच समजावायला जाणार? मी मध्येच येऊन बघेन."

'काहीही'मध्ये ही अटसुद्धा आलीच, असा अण्णांनी अर्थ लावला. त्यांनी घरात कुणालाच काही सांगितलं नाही!

पटाच्या एका बाजूला बायको बसली, दुसऱ्या बाजूला मेव्हणा. सून नियम वाचू लागली.

"भाऊजी, हा घोडा मागे जातो का हो?" मेव्हण्याने विचारलं.

अण्णा गप्प.

"अहो, तो काय विचारतोय?"

अण्णा छताकडे बघू लागले.

"रुसलेत," बायको म्हणाली. "सकाळी चहा गार दिला ना, म्हणून!"

मेव्हण्याने घोडा खुशाल मागे नेला. बायकोने राजाला उचलून कोपऱ्यात 'सावलीत' ठेवलं. अण्णांनी ओठ इतके घट्ट मिटले, की तोंड एका बाजूला ओढलं गेलं. कपाळावर घाम आला. डावा हात आपोआप पटाकडे निघाला, तो त्यांनी उजव्या हाताने दाबून धरला.

सुनेने ते पाहिलं. "आई! अण्णांचं तोंड बघा! वाकडं झालंय!"

"अगं बाई! हातही धरून बसलेत! अहो, बोला ना काहीतरी!"

अण्णांनी जोरजोरात मान हलवली. त्याने तर घरात हलकल्लोळच माजला! सून धावत जाऊन खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आली.

"हात वर करा," डॉक्टर म्हणाले. अण्णांनी केले. "हसून दाखवा." अण्णा रडवेले हसले. "आता नाव सांगा."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द, आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात! बायको पदराने डोळे पुसत होती. "मी पुन्हा कध्धी गार चहा देणार नाही हो!"

तेवढ्यात दारात कारखान्याचा मालक येऊन उभा राहिला. आणि त्याच क्षणी, बहिणीची नजर दुसरीकडे आहे असं बघून मेव्हण्याने आपला खोडरबर हळूच नदीपलीकडे सरकवला.

"हत्ती नदी ओलांडत नाही!!"

डॉक्टरांच्या हातून नाडी सुटली.

"बोलले!" बायको ओरडली, आणि दुसऱ्याच श्वासात, "म्हणजे इतका वेळ सोंग करत होतात?"

"अट मोडलीत," मालक म्हणाला.

अण्णांनी धीर एकवटला. "पण हा नियमाविरुद्ध खेळतोय!"

सुनेने कागद दोनदा वाचला. "अण्णा, हत्तीबद्दल असं काही लिहिलेलंच नाहीये."

अण्णांनी कागद घेतला. खरंच नव्हतं! दुसऱ्यांचे अनुस्वार शोधणाऱ्याने आपली अख्खी ओळच गाळली होती. त्यांना वाटलं, अर्धांगाचा झटका खरंच आला असता तर बरं झालं असतं.

"पण हत्ती इकडे आल्यामुळेच तर रंग चढलाय," डॉक्टर पटावर वाकून म्हणाले. "वहिनी, तुमच्या जागी मी खेळू?"

बघता बघता डॉक्टर, मेव्हणा आणि सून पटावर तुटून पडले. बायकोही राजाला सावलीतून काढायला धावली. मालक बराच वेळ बघत राहिला.

"खेळ घेतो," शेवटी तो म्हणाला. "पण हत्ती नदी ओलांडणार!"

दोन उन्हाळे अण्णांनी फक्त त्या नदीचं गणित जुळवण्यात घालवले होते. त्यांनी तोंड उघडलं.

"अहो," पटावरची नजर न काढता बायको म्हणाली, "तुम्हाला बोलायचं नव्हतं ना?"

अण्णांनी तोंड मिटलं. आणि चहा टाकायला गेले.