जोडशिंकेची व्यवस्था

श्रीवर्धनजवळच्या एका लहान बंदराच्या चौकीत, १९३१ साली, विश्वंभर कारकून गलबतांच्या परवान्यांवर शिक्का मारीत असे. चौकीची खिडकी पोफळीच्या वाडीत उघडे. वाडी फुलली, की शिक्का खाली येता येता विश्वंभर शिंकायचा. नेमका एकदाच. एक शिंक म्हणजे अपशकुन, हे खलाशांना पोहण्याआधी शिकवतात. गलबते जागच्या जागी थांबली.

"भाऊसाहेब, आमच्यात शिंकल्यावर अल्लाचे आभार मानतात," करमअली तांडेल वैतागून म्हणाला. "पर माझे खलाशी उतरून घरी गेले त्याचं काय? गलबतात शहाळी सुकून चाललीत!"

चौकीच्या साहेबांनी लेखी बजावले: महिन्याभरात नाक दुरुस्त करून हजर करावे, अन्यथा नोकरी संपुष्टात येईल. बिचारा विश्वंभर तालुक्याला डॉक्टरांकडे धावला. तिथे शिंक येईना.

"लक्षण समोर घडल्याशिवाय रोग लिहिता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "सवडीने चौकीत येतो."

तोवर शिपाई तुळशीरामाने तोड काढली. "साहेब, दोन शिंका झाल्या की शकुन व्हतो. दुसरी मी देतो." त्याने तपकीर ओढली, शिंकला आणि गलबते निघाली. साहेब खूश झाले. तुळशीराम 'जोडशिंक्या (हंगामी)' झाला. तपकीर सरकारी. परवान्यावर दोन्ही शिंकांसाठी दोन रकाने आले.

महिना सरता सरता डॉक्टर आले, विश्वंभर आणि तुळशीरामाची जोडी नुकतीच शिंकून झाली तोच खिडकीशी गेले आणि स्वतःच शिंकले.

"तीन झाल्या!" करमअली ओरडला. "तुळशीराम, आणखी एक मार बाबा!"

चौथी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पोफळीच्या फुलांचा पराग नाकाला सोसत नाही. खिडकी लावा, बरे व्हाल."

इतके साधे! विश्वंभरच्या डोळ्यांत पाणी आले, ते या वेळी आनंदाचे. त्याने कडीला हात घातला. साहेबांनी तो धरला.

"विश्वंभरपंत, तुम्ही शिंकला नाहीत तर जोडशिंक्या काय करणार? त्याचे पद कायम करण्याचा प्रस्ताव कालच वर गेलाय."

सुताराने खिडकी खिळे मारून उघडी ठेवली. विश्वंभरची नोकरी वाचली. फक्त न शिंकलेला दिवस गैरहजेरीत धरतात.

हसताय? हसा. पण घरातून निघताना कोणी शिंकले, की उंबऱ्यात थांबून दुसऱ्या शिंकेची वाट कोण पाहते? तुळशीराम तुमच्याच जिवावर कायम झालाय.