परबकाकांची अटक

परबकाकांनी मला पहिल्यांदा अटक केली तेव्हा मी चाळीच्या नळावर होतो. भांडुपला राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. रांग कुठून सुरू होते ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी बादली मध्येच सरकवली. लगेच मागून खांद्यावर एक जड हात पडला. "तुका अटक आसा."

गिरणी बंद पडून घरी बसलेल्या या मालवणी माणसाला कुठल्याशा वकिलाने सांगितलं होतं, की डोळ्यांदेखत चोरीसारखा अजामीनपात्र गुन्हा घडला तर साधा माणूसही अटक करू शकतो, फक्त लगेच पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. झालं! जिन्यात थुंकणारा अटक, दुधात पाणी घालणारा दूधवाला अटक. शेवटी चौकीतल्या हवालदाराने हात जोडले. "परब, हे सगळं जामीनपात्र. यात तुम्हाला अटक करता येत नाही. सोडा हो!" तेव्हापासून काका आधी खांद्यावर हात ठेवायचे, मग गुन्हा मनातल्या मनात तपासायचे आणि तोंड पाडून म्हणायचे, "जामीनपात्र आसा. सोडूक होया."

खरा चोर एकदाच सापडला, माझी सायकल पळवताना. अख्खी चाळ त्याला बडवायला धावली. काका आडवे आले. "कोणी मारूचा नाय! माझ्या अटकेत आसा तो!" मग त्याच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला चौकीपर्यंत चालत घेऊन गेले. वाटेत गाव कुठलं, जेवलास काय, सगळी चौकशी. हवालदाराने विचारलं, "भाचा का तुमचा?"

काका चोराला असं घेऊन निघाले, ते गॅलरीतून विजू बघत होता. विजू काकांचा एकुलता एक मुलगा. काकू गेल्यापासून बापलेकांचं बोलणं चावी आणि भात यांच्यापलीकडे जात नसे. "माझ्या खांद्यावर कधी ठेवला नाय रे हात," तो मला म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढे विजूला मस्कतला एसी दुरुस्तीची नोकरी लागली. निघायच्या दिवशी सगळी चाळ खाली उतरली. काका भिंतीला टेकून नुसते बॅगेकडे बघत होते. विजू पाया पडला, टॅक्सीकडे वळला, आणि त्याच्या खांद्यावर तो जड हात पडला.

"तुका अटक आसा."

चाळ खो खो हसली. विजू हसला नाही.

"गुन्हा काय, बाबा?"

काकांनी नेहमीसारखा गुन्हा मनातल्या मनात तपासला. पोरगं डोळ्यांदेखत घर सोडून चाललं होतं, आणि या गुन्ह्याला कलम सापडत नव्हतं.

"जामीनपात्र आसा," ते म्हणाले. "सोडूक होया."

"मग जामीन कोण राहणार?"

"मी ऱ्हवतंय. तू फक्त परत ये."

टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे तो हात सुटला.