आप्पांचा कर्णा

रोज सकाळी सहाला आप्पा पत्र्यावरच्या कर्ण्यातून भक्तिगीत सुरू करायचे आणि लगेच धोतर सावरत गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. आपणच लावलेलं गाणं तिथवर पोचतंय का, ते ऐकायला. नीट ऐकू आलं तर मान डोलवत परत यायचे. नाही आलं तर तरातरा घरी येऊन मशीनचं बटण आणखी पिळायचे आणि पुन्हा गल्लीच्या तोंडाशी. कधीकधी अशा तीन फेऱ्या व्हायच्या. त्यांचं घर आणि गल्लीचं तोंड यांच्या मध्ये, आप्पांच्या समोरच्याच बाजूला माझी खोली होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बँकेनं माझी पुण्याहून कोल्हापूरला बदली केली आणि मी मंगळवार पेठेतल्या एका माडीवर सामान टाकलं. मी ज्या घरात वाढलो तिथं रेडिओचा आवाज शेजारच्या खोलीत गेला तरी वडील चष्म्यावरून बघत. शिंक आली तर ती रुमालात, आणि भांडण झालं तर ते खिडक्या लावून. अशा माणसाच्या समोरच्या घरात देवानं आप्पांना ठेवावं, यात त्याचा काहीतरी हेतू असणार.

पहिल्याच दिवशी मी गॅलरीत उभा होतो. समोरून हाक आली, "पावणं, कुठलं गाव?"

सभ्य माणसानं रस्त्यापलीकडं ओरडू नये, म्हणून मी जिना उतरून, रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "पुणे."

"एवढं सांगायला खाली आलासा?" आप्पा चकित झाले. "वरनंच सांगायचं की! दबून कशाला?"

'दबून कशाला' हा त्यांचा सगळ्यावरचा उतारा होता. जेवताना कुणी कमी वाढून घेतलं तर 'दबून कशाला'. कुणी हळू हसलं तर 'दबून कशाला'. एकदा एका शोकसभेत वक्ता पुटपुटत बोलत होता, तेव्हा मागून आप्पांनी हेच विचारल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

आप्पांचा धंदा चटणी कांडपाचा. घराच्या खालच्या अंगाला त्यांचा डंक, म्हणजे मिरची-हळद कुटायचं यंत्र, होता. दिवसभर लोखंडी मुसळं धाडधाड आपटायची आणि गल्लीभर शिंका चालायच्या. त्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे, आणि डंक बंद झाल्यावर आवाज खाली आणायचं आप्पांच्या लक्षात राहत नसे. मूळचे ते जयसिंगपूरच्याही पलीकडचे, सीमेकडचे. घरातली भाषा कानडी. फार रागावले की कानडीत जात आणि मग समोरच्याला नुसता जोर कळायचा, मजकूर नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात एकटेच. शेजारच्या गंगाक्का दोन वेळच्या भाकरी पाठवायच्या, आणि आप्पा मला बोलावून त्यातली एक माझ्या ताटात टाकायचे. पहिल्यांदा मी पुणेरी सवयीनं "थँक्यू" म्हणालो. आप्पांचा हात थांबला.

"थ्यांक्यू म्हंजे? आता परत येनार न्हाय, असं व्हय?"

त्यानंतर मी कोल्हापुरात कुणालाही थँक्यू म्हणालो नाही. बँकेतले लोक मला उगाच उद्धट समजत राहिले.

एका रविवारी आप्पा मला जोतिबाला घेऊन गेले. एसटीत पुढच्या बाकावर एक तरुण वॉकमन लावून, डोळे मिटून बसला होता. आप्पांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. ते अस्वस्थ होत होते. शेवटी त्यांनी पुढं वाकून त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"पावणं, एकटंच ऐकताय व्हय?"

त्या बिचाऱ्याला काही कळेना. आप्पांनी त्याच्या एका कानातलं बोंडूक काढलं, आपल्या कानात घातलं, आणि घाट संपेपर्यंत दोघं एकाच तारेला जोडलेले, डोकं टेकून बसले. मी शरमेनं खिडकीबाहेर बघत होतो. उतरताना त्या मुलानं आप्पांना वाकून नमस्कार केला, याचं मात्र मला नवल वाटलं.

"चारचौघांत बसून एकट्यानं खातंय का कोन?" पायऱ्या चढताना आप्पा मला समजावत होते. "मग ऐकायचं तेवढं एकट्यानं? आपल्याकडं गानं हाय आनि शेजाऱ्याला ऐकू जात न्हाय, ही कसली रीत?"

म्हणजे बघा, मी ज्याला उपद्रव समजत होतो, तो आप्पांच्या मते पाहुणचार होता. तरीसुद्धा पहाटेच्या झोपेत वाजणाऱ्या पाहुणचाराला एक मर्यादा असते. माझी बढतीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी रात्री जागून वाचायचो आणि डोळा लागतो न लागतो तोच पत्र्यावरून भक्तीचा डोंगर कोसळायचा. एका सकाळी मी बसून पत्र लिहिलं. शुद्ध, वळणदार अक्षरात. 'सप्रेम नमस्कार. आपल्या भक्तिभावाचा पूर्ण आदर राखून नम्र विनंती की, माझी परीक्षा जवळ आली असल्याने सकाळचा आवाज थोडा कमी ठेवावा. कळावे, लोभ असावा.' आप्पा बाहेर गेलेले बघून ते दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि भिडस्तपणे काम उरकल्याच्या समाधानात बँकेत गेलो.

संध्याकाळी परतलो तर डंकापुढं पाच-सहा बाया मिरच्यांच्या पिशव्या घेऊन उभ्या, आणि मध्ये स्टुलावर आप्पा. हातात माझं पत्र.

"लोभ असावा म्हनून लिवलंय," ते बायांना सांगत होते, "आनि दारात बी आला न्हाय."

मला बघून ते उठले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पावणं, समोर ऱ्हाताय. वरनं एक हाक मारायची. कागुद करायला आमी काय कचेरी हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आपोआप जागा झालो. गाणं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. हवी होती ती शांतता मिळाली आणि त्या शांततेत मला एक ओळ वाचता येईना. दूधवाला माझ्या दारात भांडं आपटून गेला. पानाच्या गादीवर मला सुट्टे पैसे नाहीत असं सांगण्यात आलं. अख्ख्या गल्लीचं घड्याळ मी बंद पाडलं होतं.

चौथ्या दिवशी गंगाक्का जिना चढून वर आल्या. पदरानं वारा घेत बाकावर बसल्या.

"दादा, तुमी चांगलं मानूस. पर चुकलासा."

"अहो, मी फक्त आवाज कमी करा म्हणालो."

"दहावीची पोरं असली तर ते सोताहून बंद ठेवतंय की गानं. कुनाच्यात मयत झाली तर दहा दिस बंद. तुमाला मागं ताप आलता, ध्यानात हाय? तवा चार दिस डंकावर मिरची घेतली न्हाय त्यांनी. नुसती हळद कुटली. खोकला वाढंल तुमचा म्हनून."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, त्या दिवसांत मिरचीचं गिऱ्हाईक नसेल.

मग गंगाक्कांनी मला आप्पांच्या लेकीची गोष्ट सांगितली. महादेवी त्यांची एकुलती एक. दिली गावातच, तीन गल्ल्या पलीकडं. व्याही निवृत्त मास्तर, अगदी हळू बोलणारा माणूस. लग्नात आप्पांनी मांडवाच्या चारी कोपऱ्यांवर कर्णे बांधले होते. पंगत बसली, तेव्हा मास्तर हात जोडून आले आणि म्हणाले, "जरा आवाज कमी केला तर पाहुण्यांना बोलता येईल." पुष्कळ नम्रपणे म्हणाले. पण आप्पांना ते भर पंगतीत ताटावरून उठवल्यासारखं लागलं. "जितं माजा आवाज चालत न्हाय, तितं माजा पाय लागनार न्हाय," असं सगळ्यांदेखत बोलून गेले.

तिकडं पंचमीला, दिवाळीला लेकीला माहेरी आणायचं तर घरचं कुणीतरी तिला न्यायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेल्याशिवाय सासरची माणसं सुनेला धाडत नाहीत आणि लेकही आपण होऊन येत नाही. बोलावल्याशिवाय आली म्हणून तिचाच कमीपणा होतो. आप्पांना मुलगा नाही, भाऊ नाही. मुराळी व्हायचं तर त्यांनीच, आणि त्यांनी तर पाय बांधून घेतलेला. तीन वर्षं झाली. तीन गल्ल्यांचं अंतर, आणि बाप-लेकीची गाठ नाही.

"मुराळी जाईना," गंगाक्का म्हणाल्या, "म्हनून गानं जातंय रोज. तिला ऐकू गेलं म्हंजे कळतंय, बाप उठला, बरा हाय. तुमी तेच बंद केलंसा."

मी तसाच खाली उतरलो. आप्पा हळद चाळत बसले होते. मी माफी मागितली. पत्र परत द्या म्हणालो. उद्यापासून गाणं लावा, हवं तर थोडं बारीक लावा, पण लावा.

"बारीक लावायचं तर लावायचंच कशाला?" ते चाळणीवरून मान वर न करता म्हणाले. "लिवून दिलंय न्हवं तुमी? परीक्षा हुंदे."

"पण महादेवीताईंना..."

"तिचा काय संबंध?" आप्पांनी चाळणी आपटली. हळद दोघांच्या तोंडावर उडाली. पुढचं सगळं ते कानडीत बोलले.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी गॅलरीत येऊन उभा राहिलो. पत्र्यावर कर्णा मुका. आप्पा दारात बसून राखुंडीनं दात घासत होते. एवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून एक बाई जवळजवळ पळत येताना दिसली. केस नुसतेच गुंडाळलेले, घरातली साडी, पायात चपला नाहीत. तिच्या मागं, तिला गाठता येत नाही म्हणून धापा टाकत, एक म्हातारे गृहस्थ. कोट घाईत घातलेला, बटणं चुकलेली. हेच व्याही मास्तर असणार, हे मला न सांगता कळलं.

ती आप्पांच्या समोर येऊन थांबली. आप्पा राखुंडीनं काळं झालेलं तोंड उघडं टाकून बघत राहिले. तीन वर्षांनी लेक दारात आली होती. शेवटी ते जे बोलले ते असं :

"मुराळी न्हाय, काय न्हाय, आलीस कशी?"

"तुमी मेलासा वाटलं!" महादेवी ओरडली. बापाचाच आवाज होता तो. चार घरांची दारं उघडली. "चार दिस झालं गानं न्हाय! कुनाची मयत न्हाय, दहावी न्हाय, काय समजायचं मी?" आणि ती तिथंच पायरीवर बसून रडायला लागली.

मास्तर पोचले. त्यांना दम लागला होता. "आमच्या घरात कुणाला चैन नाही हो," ते म्हणाले. "ही जेवेना. मीच म्हटलं, मुराळी राहू दे, चल."

आप्पांनी तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, तोंड पुसलं. "मरतोय कशाला? त्या समोरच्या पावन्यांनी चिट्टी दिली. परीक्षा हाय त्यांची."

मी गॅलरीत जिथं होतो तिथंच आकसलो.

"मग आवाज बारका करायचा!" महादेवी रडत रडत म्हणाली. "बंद कशाला केलासा?"

"बारका केला तर तुज्यापतोर येतोय व्हय?" आप्पा म्हणाले. "तुला ऐकू येनार न्हाय, तर लावून काय करू?"

मास्तरांनी आपली टोपी काढली आणि उगाचच परत घातली. मग आप्पांनी एका हातानं व्याह्यांचा हात धरून त्यांना आत बसवलं आणि स्वतः पायरीवर, लेकीच्या शेजारी, गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते बराच वेळ काहीतरी बोलत होते. काय बोलले ते मला सांगता येणार नाही. मी अवघ्या वीस पावलांवर उभा होतो, पण आप्पा इतक्या हळू बोलत होते की मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.