प्योनसाहेबांचे बारा वाक्प्रचार

सकाळपासून प्योनसाहेब चौथ्यांदा आरशापुढे उभे राहून पुटपुटत होते. कोरियातल्या देगू शहरात ते नोकरीला असलेल्या कुलपांच्या कारखान्यात निर्यात-प्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि मालकांनी बजावलं होतं, "माल घ्यायला आलेल्या इंग्लंडच्या पाहुण्याला दुपारी जेवायला ने. दुभाषी नाही मिळणार. जमलं तर खुर्ची तुझी." साहेबांनी पंधरा दिवस घोकून जेवणावरचे बारा इंग्रजी वाक्प्रचार पाठ केले होते. जेवायलाच जायचं, तर आणखी लागतंय काय?

खानावळीत सोबत हाताखालची ओक-हुई होती. पाहुणे विगिन्ससाहेब बसताक्षणी प्योनसाहेबांनी पहिला वाक्प्रचार सोडला, अख्खा घोडा खाईन एवढी भूक लागल्याचा. पाहुण्यांनी आदरानं मान डोलावली आणि जेवायला सुरुवात केली. किमचीची, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीची, वाटी रिकामी झाली की वाढणारी मावशी भरायची. भाताचा तिसरा वाडगा आला.

"साहेब, माझा श्वास अडकलाय," ओक-हुई कुजबुजली. "थांबू या की!"

"पाहुणा चमचा ठेवत नाही तोवर आपण कसा ठेवायचा? त्याला हाकलल्यासारखं होईल!"

"मग पोट भरल्याचा वाक्प्रचार म्हणा ना."

"तो बारावा आहे गं! पाढ्यासारखं पाठ केलंय, मधला गाळला की पुढचं काही आठवत नाही."

आता सातव्याची पाळी होती. लांडग्यासारखी भूक. साहेबांनी तो घाम पुसत म्हटला. विगिन्ससाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यांनी चौथा वाडगा पुढे ओढला. साहेबांना रडू यायचं बाकी होतं.

अखेर विगिन्ससाहेबच मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये म्हणाले, "दया करा! वडीलधाऱ्यांच्या आधी चमचा ठेवायचा नाही, असं मी पुस्तकात वाचलंय. आणि तुमची भूक तर वाढतच चाललीय!"

तिन्ही चमचे एकदम खाली आले. साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पाहुण्यांनी पट्टा सैल केला आणि मालकांना तिथूनच फोन लावला: करार पक्का, यापुढे व्यवहार फक्त प्योनसाहेबांशी. खुर्ची मिळाली!

"एकच विनंती," फोन ठेवून पाहुणे म्हणाले. "जेवण पुन्हा नको. उद्या सकाळी कारखान्यात बसून मालाबद्दल बोलू. इंग्रजीतच. तुमचं इंग्रजी फार छान आहे."

प्योनसाहेबांनी हसून कमरेत वाकून नमस्कार केला. मग वाकलेल्या स्थितीतच त्यांनी ओक-हुईची बाही ओढली.

"ओक-हुई, कुलपाला इंग्रजीत काय म्हणतात गं?"