याकोबकाकांचा हंगामी खोकला

आमच्या चर्चमध्ये फेब्रुवारी लागला की याकोबकाकांना खोकला सुरू होतो. तोही रोज नाही, फक्त रविवारी, आणि रविवारीसुद्धा एकदाच. सगळी मंडळी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणत असते. देवानं आम्हांला परीक्षेत आणू नये अशी विनंती त्यात येते, नेमकी तिथं काका असे काही खोकतात की पुढच्या बाकावरच्या बायका डोक्यावरचे पदर सावरतात. ओळ संपली की खोकला बंद. "आमेन" एकदम खणखणीत.

एप्रिलमध्ये मुलांचे पेपर संपले की खोकला आपोआप बरा होतो. नवीन पाळकसाहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी आल्याचा काढा पाठवला. काकांनी तो पिऊन टाकला आणि पुढच्या रविवारी दुप्पट जोरानं खोकले. साहेबांनी शेवटी विचारलंच, तर म्हणाले, "साहेब, इथं पोरं परीक्षेला बसणार, आणि आपण पन्नास जण मिळून देवाला सांगायचं की परीक्षा नको? वो सुनता है, साहेब. ऐकलं म्हणजे?"

याकोबकाका आमच्या समोरच्या खोलीत एकटेच राहतात. वय अडुसष्ट. उभा जन्म भिवंडीच्या लूम कारखान्यात गेला. आधी लूम चालवली, मग जॉबर झाले, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात कान गेले, त्यामुळे ते अजूनही कारखान्यात असल्यासारखंच बोलतात. ते माझ्या कानात कुजबुजले की खालचा किराणावाला "क्या हुआ?" म्हणून वर बघतो.

आणि मी सुवार्ता. नावाचा अर्थ चांगली बातमी, निकाल मात्र दोनदा वाईट. बीएस्सीचं बाकी सगळं सुटलं होतं, ऑरगॅनिक केमिस्ट्री तेवढी मानगुटीवर बसली होती. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार, म्हणजे हा शेवटचा चान्स. या वेळी गेली तर पदवी गेली, आणि काल्हेरच्या गोदामात सुट्टीत करायचे ती पार्सलांवर स्टिकर चिकटवायची नोकरी कायमची. आई नर्स, तिच्या शिफ्ट फिरत्या. मी एकटी घरात, हातात मोबाईल. पुस्तक उघडायचं, एक रिअ‍ॅक्शन वाचायची, आणि मग तासाभरानं कळायचं की आपण कुणाच्या तरी मांजराचे व्हिडिओ बघतोय. मग देवाची माफी मागायची आणि पुन्हा मांजर.

"ड्युटी माझी," काकांनी आईला जाहीर करून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते खुर्ची घेऊन माझ्यासमोर. ऐकू येत नाही म्हणून नुसते माझ्या डोळ्यांकडे बघत बसायचे. माझी नजर पानावरून जरा हलली की ओरडायचे, "तार तुटली!" लूमवर धागा तुटला की लूम थांबवायची, गाठ मारायची, पुन्हा चालू करायची, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. मी एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, "काका, माझं मनच लागत नाही. प्रार्थना करते तरी लागत नाही. माझ्यातच खोट आहे." तर म्हणाले, "अगं, दिवसाला शंभर वेळा तुटते तार. म्हणून काय कुणी लूम भंगारात घालतं? रडत बसू नको. गाठ मार, चल."

खरं सांगते, देवाचे इतके बोधपर संदेश ऐकले, पण माझ्या कामाला आलं ते हेच.

मोबाईल त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता. तो थरथरला की आधी छातीवर हात ठेवून "हार्ट का काय?" म्हणून घाबरायचे, आणि मग फोन उचलून माझ्या मैत्रिणीला सांगायचे, "सुवार्ता ड्युटीवर आहे." माझ्या अर्ध्या वर्गाला वाटलं की मला नोकरी लागली.

ईस्टरच्या गायनात मला एक कडवं एकटीनं म्हणायचं होतं. रोज संध्याकाळी दोन तास सराव. नाही कसं म्हणणार, देवाचं काम! काका परस्पर पाळकसाहेबांकडे गेले. "देवासाठी गायला वीस जण आहेत," म्हणाले, "हिच्या पेपरला ही एकटीच." साहेब म्हणाले, "अहो, पण तिचा आवाज..." काका म्हणाले, "मी म्हणतो तिचं कडवं." साहेबांनी त्याच क्षणी मला सुट्टी दिली.

फजिती एकदाच झाली. शेजारच्या गल्लीत हळद होती. हळदीचा डीजे म्हणजे काय ते भिवंडीकराला सांगायला नको, भांड्यांची मांडणी आपोआप वाजायला लागते. काका तावातावानं उठले. "बंद करून येतो." गेले ते दीड तासानं आले. दोन्ही गालांवर हळद, घामाघूम, हातात मटणाचा डबा.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"नवऱ्याचा मामा बोलला, काका, आवाज कमी करतू, पन आदी नाचाचा. नायतर जाव द्याचा न्हाय."

"मग? केला कमी?"

काकांनी डबा टेबलावर ठेवला. "ते विचारायचं राहिलं गं."

माझा पेपर सोमवारी होता, आणि आदल्या दिवशी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, चर्चमध्ये सगळ्यांच्या हातात झावळ्या देतात तो. त्या दिवशी चर्चमध्ये काका असे खोकले की गायनातल्या मुली हसायला लागल्या आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. नापास मुलगी ती हीच. माझं डोकंच फिरलं. घरी आल्यावर मी हातातली झावळी टेबलावर आपटली आणि ओरडले, "काका, तुमच्या खोकल्यानं मी पास होणार आहे का? स्वतः कधी दिलीय तरी परीक्षा?"

हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं.

खुर्चीवर बसले. गुडघे चोळत म्हणाले, "दहावीला होतो. इंग्रजीची लई भीती. दुसरं काय येत नव्हतं, तर ती ओळ म्हणायचो. सकाळ-संध्याकाळ, अगदी मनापासून, की देवा, परीक्षेत आणू नको. पेपरच्या आदल्या दिवशी माझ्या बापाचा हात लूमच्या पट्ट्यात गेला. त्याच्या जागी लूमवर कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं. मी राहिलो. पेपर बुडाला तो बुडालाच. ऐकलं ना त्यानं. मी मागितलं आणि त्यानं बापाचा हात घेऊन दिलं."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! पन्नास वर्षं हा माणूस असं समजत होता. आणि दर वर्षी आमच्यातल्या कुणाच्या घरी तसं होऊ नये म्हणून खोकत होता.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "काका, ती परीक्षा ही नव्हे. तिथं परीक्षा म्हणजे मोह. इंग्रजीत तिथं एक्झाम नाहीच, दुसराच शब्द आहे. टेम्प्टेशन."

"मोह?"

"मोह. तुमच्या खिशात थरथरतो ना, तसला."

काकांनी खिशावर हात ठेवला. "म्हणजे मी मागितलं, ते हे नव्हतंच?"

"नव्हतंच, काका. देवानं तुमच्या बाबांचा हात नाही घेतला. पट्ट्यानं घेतला."

"इंग्रजी येत असतं तर तेव्हाच कळलं असतं," एवढं म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडले. मग डोळे पुसून त्यांनीच माझं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं, आणि त्या दुपारी मी सलग चार तास वाचलं.

पास झाले. काठावर नाही, चांगली बासष्ट मार्कांनी. आईनं पेढे वाटले आणि काकांनी किराणावाल्याला माझे मार्क वरूनच सांगितले. तेव्हा सगळ्या गल्लीला कळले.

गेल्या आठवड्यात काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला. सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय म्हणाले, बाहेरून दहावीला बसण्याचा. शाळेतल्या क्लार्कनं माहिती भरायचा एक कागद दिला होता, तो त्यांनी भरूनही आणला होता. मी तपासायला घेतला तर पालकाच्या रकान्यात आमच्या पाळकसाहेबांचं नाव!

"काका, पाळक नाही, पालक. घरचं माणूस."

"घरचं?" काकांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "मग मोकळं सोड. तसं कुणी नाय."

मी साहेबांचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. मोबाईल नंबरही माझाच. पुढं एक छोटा रकाना होता, विद्यार्थ्याशी नातं. तोही भरला आणि कागद त्यांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा वर-खाली करत वाचलं. "वरचं टिंब राहिलं गं. हे 'नात' झालं."

"राहिलं नाही, काका," मी म्हटलं. "बरोबर आहे. सही करा."