डिशवॉशर नावाची सवत

“पंधरा मिनिटांचं काम आहे! सोळावं मिनिट लागलं तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन!”

सोमवारी सकाळी चष्मेवाल्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून हे जाहीर केलं. समोर डिशवॉशर शिट्ट्या मारत होता आणि त्याच्या तळाशी चार बोटं गढूळ पाणी साचलं होतं. बायको ऑफिसला निघण्याच्या घाईत होती.

“अहो, तुम्ही कशाला हात लावताय? मी भावोजींना फोन करते. त्यांनी त्यांचा घरच्या घरी दुरुस्त केला. रविवारी मागच्या गल्लीतून आई येणार आहे, ताई-भावोजी येणार आहेत. तोवर चालू झाला पाहिजे.”

भावोजी म्हणजे चष्मेवाल्यांचे साडू. विजेच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि न विचारता सल्ले द्यायचे. डिशवॉशर घ्यायचा सल्लाही त्यांचाच!

“साडूंना फोन करायचा नाही!” चष्मेवाले म्हणाले. “मी आयुष्यभर डोळ्यांना न दिसणारे स्क्रू आवळत आलोय!”

खरं सांगायचं तर डिशवॉशर बंद पडल्याचा चष्मेवाल्यांना कोण आनंद झाला होता! एकोणीस वर्षं या घरातली भांडी त्यांनी घासली होती. दिवसभर घराखालच्या दुकानात भिंगं पुसायची, जेवणानंतर घरी पेले. धुतलेला पेला ते ट्यूबलाइटसमोर धरून असा फिरवत, जणू तो आता कुणाच्या तरी नाकावर चढणार आहे. सासूबाई चारचौघांत सांगत, “पेले बघावेत तर धाकट्या जावयांचे!” मोठे जावई तेव्हा खिडकीबाहेर बघत.

मग चार महिन्यांपूर्वी हे यंत्र आलं आणि चष्मेवाल्यांचं नाव कुणी काढेना. बायको रोज संध्याकाळी डिशवॉशरच्या पाठीवर थोपटायची. “गुणाचा रे माझा राजा!” एकोणीस वर्षांत चष्मेवाल्यांची पाठ एकदाही थोपटली गेली नव्हती! एखादा तरी डाग सापडावा म्हणून ते रोज त्या यंत्रात खांद्यापर्यंत डोकं घालून बघत. सापडत नसे. सवत काय असते, हे त्यांना उतारवयात कळलं.

दुपारी एकला दुकान बंद करून ते कामाला लागले. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सिंकखालचा नळ बंद केला, प्लग काढला. साचलेलं पाणी स्पंजने उपसलं. गाळणी फिरवून काढली आणि जुन्या टूथब्रशने घासली. पाण्याचा फवारा मारणाऱ्या पंख्याची भोकं टाचणीने मोकळी केली. त्याखाली पंपाचं झाकण होतं. ते उघडलं आणि चिमट्याने आतला कचरा बाहेर काढला. कचरा कसला? चष्म्याचा नाकावर टेकणारा, नखाएवढा पारदर्शक तुकडा!

चष्मेवाल्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. डाव्या बाजूचा तुकडा आठवड्यापासून गायब होता. म्हणजे डाग शोधता शोधता...

त्यांनी तो गुपचूप खिशात टाकला.

सगळं जागच्या जागी बसवून त्यांनी ऐटीत बटण दाबलं. यंत्र घुमलं, थांबलं, परत घुमलं. पाणी काही आलं नाही. वर तीन शिट्ट्या! पुन्हा बटण, पुन्हा तीन शिट्ट्या. पुस्तिकेचं शेवटचं पान त्यांनी वाचलं नव्हतं. दुरुस्ती झाल्यावर पुस्तिका कोण वाचतं?

चार वाजले. सहाला बायको येणार. डिशवॉशर चालत नसेल तर साडू येणार. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर साडूंचं ते हसू आलं, ओठांच्या एकाच कोपऱ्यातलं. त्यांनी बाह्या दुमडल्या.

तासाभरात सगळी भांडी हातांनी लख्ख करून त्यांनी डिशवॉशरमध्ये रचली. सहाला पाच कमी असताना तळात किटलीभर उकळतं पाणी ओतलं आणि दार लावलं.

सहाला बायकोने येताच यंत्राचं दार उघडलं. भपकन वाफ आली!

“अगंबाई! चालू झाला!” तिने पेला उजेडात धरला. “आधीपेक्षासुद्धा छान धुतोय हो!”

“चालायचंच,” म्हणत चष्मेवाल्यांनी जरा पाठ पुढे केली.

बायकोने डिशवॉशरला थोपटलं. “दमला होतास ना रे? गुणाचा तो!”

“दुरुस्त मी केला!”

“हो, पण धुतलं तर त्यानेच ना? तुम्ही दोन स्क्रू आवळले असतील.”

त्या रात्री चष्मेवाल्यांना जेवण गेलं नाही. बंद पडलेलं यंत्र, कामाला बोट लावत नाही, आणि कौतुक त्याचं! तेही त्यांनी स्वतः घासलेल्या भांड्यांचं! मंगळवारी त्यांनी मुद्दाम एका डावावर साबणाचा डाग ठेवला. म्हटलं, होऊ दे बदनामी. दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत होतं आणि यांना समोर डाव दिसत होता! शेवटी “आलोच” म्हणून वर धावले आणि तो डाग पुसून आले.

बुधवारीही तेच. गुरुवारी तर बायको अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली. कुलूप वाजताच चष्मेवाल्यांनी शेवटची कढई आत कोंबून दार लावलं.

“लावलाय?”

“लावलाय.”

“आवाज कसा येत नाही?”

“तो...” चष्मेवाल्यांनी ओले हात पाठीमागे पुसले. “तो मी काढून टाकला.”

बायकोने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. “ताई, अगं आवाजच नाही! यांनी काढून टाकला! भावोजींना येतं का बघ!”

झालं! रविवारी साडू आले ते चोवीस पेल्यांचं खोकं काखेत मारून. सगळ्या पेल्यांवर पांढरे ठिपके होते.

“साडूभाऊ,” ते म्हणाले, “आमचे पेले तुमच्या यंत्रात घालून बघू. आमच्यादेखत.”

जेवणं होताच सासूबाईंनी खुर्ची थेट डिशवॉशरसमोर ओढली. चष्मेवाल्यांच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरला.

“आता भरल्यापोटी कशाला? सगळे जरा आडवे व्हा...”

“आडवे तुम्ही व्हा!” साडू सिंकखाली शिरत म्हणाले. “काय गुपित आहे ते बघतो. पाण्याचा दाब बघू... हा नळ जरा वाकडा दिसतोय. सरळ करतो.”

नळ!

चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमवारी बंद केलेला नळ त्यांनी उघडलाच नव्हता! यंत्र पहिल्याच दिवशी दुरुस्त झालं होतं. सहा दिवस ते उगाच भांडी घासत होते!

साडूंनी बटण दाबलं. धो धो पाणी शिरलं, पंखा फिरला, घरघराट सुरू झाला.

“भावोजी!” बायको ओरडली. “काय केलंत? आवाज परत आला!”

“मी? मी फक्त नळ...”

“काल मुंगीएवढा आवाज नव्हता!”

तासाभराने दार उघडलं. चोवीसच्या चोवीस पेल्यांवर पांढरे ठिपके! पाणी मऊ करून ठिपके टाळणारं खास मीठ यंत्रातलं संपलंय, हे सोमवारी दुरुस्ती करताना दिसलं होतं. भरायचं पाकीट कपाटात तसंच पडलं होतं. हे त्या खोलीत एकट्या चष्मेवाल्यांना माहीत होतं.

सासूबाईंनी एक पेला नाकाजवळ धरला आणि खाली ठेवला. “मोठे जावई,” त्या म्हणाल्या, “चांगल्या चालत्या यंत्राला हात लावायची काय गरज होती?”

साडूंचा चेहरा धुवायच्या भांड्यासारखा झाला. चष्मेवाल्यांनी तो डोळे भरून पाहून घेतला. आता खरं सांगून टाकायचं, एक पाकीट मीठ ओतायचं की विषय संपला. पण खरं सांगितलं असतं तर तो चेहरा पुसला गेला असता.

“असू दे, साडूभाऊ. चुकतो माणूस,” ते म्हणाले. “मी बघतो. पेले ठेवून जा.”

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, बायकोने त्यांची पाठ थोपटली!

सोमवारी दुपारी एकला दुकान बंद करून चष्मेवाले वर आले. मिठाचं पाकीट माळ्यावर, जुन्या सुटकेसच्या मागे सरकवलं. नळ बंद केला. बाह्या दुमडल्या. घरातली भांडी आणि साडूंचे चोवीस पेले एकेक करून घासले, उजेडात धरून बघितले, आत रचले आणि सहासाठी किटली भरून ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

“अहो, आई म्हणतेय, आता तिचीही भांडी रोज आपल्याकडेच पाठवते. गुणाचा आहे ना आपला!”